पाठवणाऱ्याच्या ओळीवर बोट

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, "पडलं नाही हो, आपोआप बंद झालं," आणि मी डोळ्याला भिंग लावून बघतो तर काचेच्या कडेचा टवका उडालेला. अशी रोज पाच-सात माणसं भेटली की विश्वास नावाची गोष्ट हळूहळू झिजत जाते. मी लग्नही केलं नाही. एवढा मोठा कारभार दुसऱ्याच्या शब्दावर करायचा माझा स्वभाव नाही.

पण सांगायचं आहे ते टपालताईंबद्दल.

आमच्या चौकात झेरॉक्सचं एक दुकान आहे. पुढे ताईंचा नवरा मशीन चालवतो. मशीनच्या घरघरीने त्याचे कान गेलेत असं ताई म्हणतात. न ऐकण्याची ती सोय असावी, अशी मला शंका आहे. मागच्या अर्ध्या भागात एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर, समोर एक स्टूल. तिथे ताई बसतात. पूर्वी त्या एका विमा कचेरीत आवक-जावक टेबलावर होत्या. सव्वीस वर्षं आलेल्या-गेलेल्या कागदांवर शिक्के मारले, मग कचेरीने ते टेबलच बंद केलं. घरी बसून त्यांना करमेना. त्याच सुमाराला कोपऱ्यावरच्या शिंप्याला वीज कचेरीने सांगितलं की तक्रार आता ई-मेलनेच घेतली जाईल. शिंपी हातात मीटरचा आकडा लिहिलेली चिठ्ठी घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, हे मेल म्हणजे काय ते मला कळत नाही, तुम्हीच काय ते करा." ताईंनी त्याच्या नावाचा पत्ता काढून दिला, तक्रार लिहिली, उत्तर आलं तेव्हा त्याला हाक मारून सांगितलं. मग निवृत्त नर्सबाई आल्या. मग नळवाला, मग पिठाच्या गिरणीवाला. पाच वर्षांत ताईंच्या प्रोग्रॅममध्ये एक्केचाळीस माणसांचे पत्ते जमा झाले. पत्र लिहायला घेतलं की वरती "पाठवणारा" अशी ओळ असते. तिच्या टोकाला एक बारका बाण. तो दाबला की अख्खा मोहल्ला एकाखाली एक उभा राहायचा: शिंपी, नर्सबाई, नळवाले, थोरले घड्याळजी, धाकटे घड्याळजी. धाकटे घड्याळजी म्हणजे मी.

ताईंसारखा संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि म्हणूनच मला त्या आवडायच्या. पडद्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी खोक्याचे पुठ्ठे कापून लावले होते, शेजारी उभ्या असलेल्याला काही दिसू नये म्हणून. पासवर्डांची वही कुलपाच्या डब्यात, डब्याची किल्ली गळ्यात. "तुमची पेटी भरली आहे, येथे दाबा" असं काही पडद्यावर आलं की त्या पडद्यालाच झापायच्या, "भरली तर भरू दे, तुझ्या बापाचं काय जातं?"

त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. तुम्ही स्टुलावर बसून बोलायचं, त्या टाइप करणार. स्टुलावर बसून जे बोललं जाईल ते सगळं पत्रात जाणार. जावक टेबलाचा नियम, म्हणायच्या. दुसऱ्याच्या कागदातलं गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. लिहून झालं की विचारायच्या, "वाचून दाखवू?" आणि शेवटी तुमचं बोट धरून पाठवणाऱ्याच्या ओळीवर ठेवायच्या. "नाव वाचा. तुमचंच आहे ना? मग पाठवते." बोट ठेवल्याशिवाय त्यांनी एकही पत्र सोडलं नाही. मी वाचून मात्र कधी घेतलं नाही. मागे दोन-चार माणसं ताटकळत उभी असायची. त्यांच्यासमोर माझं पत्र मोठ्याने वाचायचं म्हणजे काय! मी बोट ठेवायचो आणि उठायचो.

आता थोरले घड्याळजी. तो माझा भाऊ, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. वडिलांच्या माघारी त्यांची चिमट्यांची लाकडी पेटी दिसेना. दादानेच नेली असं मी तोंडावर म्हणालो. तो म्हणाला, "झडती घे." मी घेतली. पेटी सापडली नाही आणि भाऊही गेला. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही रस्त्यात समोरासमोर आलो की दोघांपैकी एकाला पलीकडच्या फुटपाथवर काहीतरी काम निघायचं.

गेल्या वर्षी टपालताईंनी मला हाक मारली. पत्र आलं होतं. "एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळाला चौदा नंबरची मुख्य स्प्रिंग हवी आहे. शिल्लक असल्यास कळवावे." पाठवणारा, थोरले घड्याळजी. माझ्याकडे होती. मी उत्तर लिहवलं, स्प्रिंग पाकिटात घालून ताईंकडे ठेवली, त्याने तिथूनच नेली. मग महिन्याकाठी एखादं पत्र जाऊ-येऊ लागलं. दोन गल्ल्यांमधलं टपाल ताईंच्या टेबलावरून निघून कुठेकुठे फिरून परत ताईंच्याच टेबलावर यायचं. आम्ही तिथे एकमेकांना भेटू नये म्हणून ताईंनी वारही वाटून दिले: दादाचा सोमवार, माझा गुरुवार.

पत्रं तशी कोरडी. नंबर, नग, पाकीट ठेवले आहे, संपलं. पण हळूहळू दादाच्या पत्रांत भलतंच काही दिसायला लागलं. एकदा लिहिलं, "गुडघा बरा आहे." मी कुठे विचारलं होतं? पुढच्या वेळी, "तुझे डोळे कसे आहेत?" दादा असलं विचारणारा माणूस नाही. लहानपणी मी जिन्यावरून पडलो तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्या हातातली त्याची बॅट शाबूत आहे का ते बघितलं होतं. इथे पाणी मुरतंय, असं मला वाटायला लागलं, पण कुठे ते कळेना.

आणि मग तो गुरुवार उजाडला. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. भिंग लावूनही बारीक चाक दिसायचं नाही, हाताने चाचपून काम चाललं होतं. डॉक्टर म्हणाला होता, आता लांबवाल तर धंदा विसरा. आणि ऑपरेशनला येताना घरचं माणूस सोबत आणा, त्याशिवाय आम्ही टेबलावर घेत नाही. घरचं माणूस कुठून आणायचं, म्हणून मी तीन महिने टाळत होतो. त्या दिवशी ताईंनी आलेलं पत्र ठळक अक्षरात छापून हातात दिलं. "मोतीबिंदूचं लांबवू नकोस. सोबत घरचं माणूस लागतं तर मी येतो. तारीख कळव. दादा."

घरी येऊन मी कागद दिव्याखाली धरला. मजकूर मोठा होता, पण वरच्या दोन ओळी मुंगीएवढ्या. सवयीने भिंग लावलं आणि एकेक अक्षर लावत गेलो. पाठवणारा: धाकटे घड्याळजी. ज्याला पाठवले: धाकटे घड्याळजी.

मला माझंच पत्र आलं होतं.

दादाच्या नावाचं पत्र माझ्या पत्त्यावरून निघतं कसं? आणि दवाखान्याचं दादाला कळलं कसं? ते मी जगात एकाच माणसासमोर बोललो होतो, तेही असंच पुटपुटत, टपालताईंसमोर. झालं, सगळी चाकं एकमेकांत बसली. बाई स्वतःच्या मनाने पत्रं लिहितात. दादाच्या नावाने मला, माझ्या नावाने दादाला. गुडघा, डोळे, सगळं त्यांचंच. दोन म्हाताऱ्यांना खेळवत बसल्या होत्या, आणि मी मूर्ख, "मी येतो" हे दोन शब्द वाचून घरभर दोनदा फेऱ्या मारल्या होत्या. त्याचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत दुकानात गेलो आणि कागद ताईंसमोर आपटला. "हे काय?"

ताईंनी कागद पाहिला. पडद्यावर काहीतरी उघडून पाहिलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "दवाखान्याचं काही आलंय का बघायला मी तुमच्या पेटीत होते. तेवढ्यात दादा आले. नवं पत्र उघडलं की मी ज्याच्या पेटीत असेन त्याचंच नाव पाठवणाऱ्यात येऊन बसतं. बदलायचं राहिलं."

"आणि बोट? तुमचं ते बोट कुठे गेलं होतं?"

"त्यांनी ठेवलं होतं. दिसलं म्हणाले."

"बरं. दवाखान्याचं त्याला कुणी सांगितलं?"

"तुम्ही. तुमच्याच पत्रात आहे."

"मी असलं काही लिहवलेलं नाही!"

"आहे, घड्याळजी. लोक आहेत आत्ता, जरा थांबा, वाचून दाखवते."

"आता लोक आठवले!" मी मागे वळलो. शिंपी होता, नर्सबाई होत्या, गिरणीवाला होता. "ऐकलंत? ही बाई मनाने पत्रं लिहिते. तुमच्या नावाने कुणाला काय गेलंय ते तुम्हीच बघा. दादाची पेटी उघडून दाखवा म्हणावं."

"दुसऱ्याची पेटी मी उघडून दाखवणार नाही," ताई म्हणाल्या. शब्द ठाम होता. "उद्या कुणी तुमची दाखवा म्हणालं तर?"

मला वाटलं, चोर सापडला. बाकीच्यांनाही तसंच वाटलं असावं. शिंपी एकदम म्हणाला, "ताई, माझा तेवढा पत्ता काढून टाका." आठवड्याभरात एक्केचाळिसांतले सत्तावीस गेले. कुणी भाच्याच्या फोनवर गेलं, कुणी पलीकडच्या सायबर कॅफेत. जाता-येता मला दिसायचं: ताई रिकाम्या टेबलाशी मांडीवर हात ठेवून बसलेल्या, आणि पुढे मशीनही गप्प.

पण माझ्या डोक्यातला किडा स्वस्थ बसेना. आरोप केला होता, पुरावा अर्धाच होता. दुसरा अर्धा दादाकडे. "हे मी लिहिलेलं नाही" एवढं त्याच्या तोंडून ऐकलं की सोक्षमोक्ष लागला. म्हणून, ऑपरेशनसाठी नाही, गुडघ्यासाठी नाही, निव्वळ एका बाईला खोटं पाडण्यासाठी मी नऊ वर्षांनी दादाच्या दाराची बेल वाजवली.

दार वहिनीने उघडलं. "भावजी?" एवढंच म्हणाली आणि दाराला धरून उभी राहिली. मग आत वळून ओरडली, "अहो, तारीख सांगायला आले!"

दादा लंगडत बाहेर आला. मी बसलोही नाही. कागद पुढे केला. "हे तू लिहिलंस?"

"म्हणजे? मीच लिहवलं. अठरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. मी म्हटलं, चिमट्यांच्या पेटीचा राग अजून गेला नाही."

"पाठवणाऱ्यात माझं नाव आहे."

दादाने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि ओशाळला. "त्या दिवशी चष्मा विसरलो होतो. बाई म्हणाल्या बोट ठेवा, नाव वाचा. मी आपलं म्हणालो, दिसलं दिसलं."

"पण दवाखान्याचं तुला कळलं कसं?"

त्याने खणातून कागदांची चळत काढली. माझी सगळी पत्रं, छापलेली, तारखेने लावलेली. वरचं एक घेऊन वाचायला लागला. "'नऊ नंबरची सापडली, पाकीट ठेवतो. मोतीबिंदूने आता दिसत नाही धड, हाताने चाचपून शोधली. ताई, हे तुमचं स्टूल डुगडुगतंय, एखाद्या दिवशी मी पडणार. डॉक्टर म्हणतो घरचं माणूस आणा. घरचं माणूस काय दुकानात मिळतं?'"

मी खुर्चीत बसलो. शब्द न् शब्द माझा होता. लिहायला म्हणून सांगितलेला नव्हता, पण स्टुलावर बसूनच बोललेला होता.

"खरं सांगू?" दादा म्हणाला. "पहिल्यांदा 'त्याचा गुडघा कसा आहे कोण जाणे' असं आलं, तेव्हा मलाही वाटलं की बाई मनाने लिहिते. तू माझा गुडघा विचारणार? छे! पण मग हे स्टुलाचं वाचलं. म्हटलं, मनाने लिहिणारी बाई स्वतःच्या स्टुलाची बदनामी कशाला लिहील? हा गाढव पुटपुटतोय आणि ती इमानाने उतरवून घेतेय."

वहिनी हसत होती आणि डोळे पुसत होती. मला हसू आलं नाही. मला रिकाम्या टेबलाशी बसलेल्या ताई दिसत होत्या. मला माझी लाज वाटली, इतकी की वर बघवेना. पेटीच्या वेळी मी हेच केलं होतं. झडती घेतली होती, आणि काही न सापडल्यावरही माफी मागितली नव्हती. दादाला तेवढं कसंबसं म्हणालो. तो म्हणाला, "ते राहू दे. आधी तिकडे चल."

दोघं चालत गेलो, त्याचा गुडघा आणि माझे डोळे सांभाळत. ताई आम्हाला एकत्र बघून उभ्या राहिल्या. "आज ना सोमवार, ना गुरुवार," त्या म्हणाल्या.

"जे गेले त्या सगळ्यांना पत्र पाठवायचंय," मी म्हणालो. "सत्तावीस जणांना. जिथे गेलेत तिथले पत्ते मी मिळवून देतो."

मी स्टुलावर बसून सांगितलं. आमच्याकडून गैरसमज झाला, टपालताईंनी कोणाचेही पत्र बदललेले नाही, एकदा नाव चुकीचे पडले ते आमच्या बंधूंच्या चष्म्यामुळे, कृपया नोंद घ्यावी, आपला नम्र. ताईंनी टाइप केलं आणि विचारलं, "वाचून दाखवू?"

"हो," मी म्हणालो. "मोठ्याने."

त्यांनी वाचलं. पुढे उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनी मान वळवून ऐकलं. ताईंचा नवराही ऐकत होता, म्हणजे कान शाबूत आहेत. मग ताईंनी माझं बोट धरून ओळीवर ठेवलं. मला अक्षर दिसत नव्हतं. दादाने चष्मा लावून वाचलं, "धाकटे घड्याळजी." मी उठलो. उठताना काहीतरी पुटपुटलो असेन, ती माझी खोडच आहे. कळफलक थोडा वेळ वाजला, थांबला, पुन्हा वाजला आणि पत्र गेलं.

"आता तुम्हा दोघांचे पत्ते काढते," ताई म्हणाल्या.

"का? माफ नाही केलंत?"

"माफ केलं हो. पण आता तुमचं काही लिहायचं म्हटलं की माझे हात थरथरतील. आणि तुम्हाला काय करायचेत पत्ते? दोन गल्ल्यांचं अंतर." त्यांनी माझ्या पेटीतलं सगळं छापून काढलं, दोरीने बांधलं आणि गठ्ठा माझ्या हातात दिला. "तुमचं तुमच्याकडे."

पुढच्या पंधरवड्यात डोळ्यांचं काम झालं. दादा सोबत होता, नर्सने "पेशंटचे कोण?" विचारल्यावर इतक्या जोरात "भाऊ!" म्हणाला की तिने गप्प बसवलं. सत्तावीसपैकी एकोणीस माणसं ताईंकडे परत आली. शिंपी नाही आला. निवृत्त नर्सबाई परत आल्या, रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचं पत्र अगदीच सरकारी होतं, पण शेवटची ओळ वाचली आणि चप्पल घालून निघाले."

"शेवटची? 'आपला नम्र'?"

"त्याच्याखालची."

पट्टी निघाल्यावर मी गठ्ठा सोडला. भिंगाशिवाय वाचता येत होतं, तरी सवयीने लावलं. वर्षभराची पत्रं, आणि प्रत्येकात नंबर-नगांच्या खाली मी पुटपुटलेलं. गुडघा कसा आहे कोण जाणे. रविवारी दुकान बंद असलं की दिवस सरत नाही. अगदी पहिल्या पत्रात, चौदा नंबरच्या स्प्रिंगखाली: स्वतः आला असता तर काय बिघडलं असतं.

सगळ्यात खाली माफीचं पत्र होतं. "आपला नम्र"च्या खाली एक ओळ सोडून लिहिलं होतं: "जन्मात एकाच माणसाने माझं बोलणं नीट ऐकलं, आणि मी तिलाच चोर म्हणालो."

स्वतःबद्दलचं होतं, तरी ताईंनी गाळलं नव्हतं. मी पाठवणाऱ्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि नाव वाचलं. माझंच होतं.